सणापुरता सलोखा पुरत नाही

गणेशोत्सव, मोहरम किंवा शिवजयंती तोंडावर आली की पोलीस ठाण्यांत शांतता समितीची बैठक भरते. पुढच्या खुर्च्यांवर आजी-माजी नगरसेवक, मागे मंडळांचे अध्यक्ष आणि मशिदींचे विश्वस्त. साहेब डीजेचा आवाज आणि मिरवणुकीची वेळ यांबद्दल सूचना देतात. आपल्या शहराला सलोख्याची परंपरा आहे, असे कुणीतरी सांगतो. चहा-बिस्किटे होतात, फोटो निघतो. पुढची बैठक पुढच्या सणाला.

ही प्रथा वाईट नाही, पण अपुरी आहे. किती अपुरी, हे भिवंडीने दोनदा भोगले आहे.

ठाणे जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे शहर. इथे माग चालवणारे उत्तर प्रदेशातून आलेले मुस्लिम कारागीर आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आहेत आणि सुताचे गुजराती-मारवाडी व्यापारीही आहेत. एकाचे सूत, दुसऱ्याचा माग आणि तिसऱ्याचे गिऱ्हाईक. एकमेकांवाचून कुणाचे पान हलत नाही. तरीही मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत गेली आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४मध्ये पुन्हा तेच घडले. या वेळी वणवा ठाणे-मुंबईपर्यंत पसरला आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. धंद्यातली देवाणघेवाण असली की माणसे आपोआप जोडलेली राहतात, हा समज भिवंडीने खोटा ठरवला.

१९८८मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. वरून खाली येणाऱ्या, पुढाऱ्यांनी भरलेल्या शांतता समित्यांवर त्यांची भिस्त नव्हती. त्यांनी शहर मोहल्ल्यांत विभागले आणि सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुस्लिम बरोबरीने, सोबत त्या भागातला पोलीस. दुकानदार, कारागीर अशी गल्लीतली माणसे तिथे बसू लागली. तंटा असो-नसो, बैठक ठरल्या वेळी व्हायचीच आणि विषय रोजच्या अडचणींचे असायचे. त्यातून दोन गोष्टी साधल्या. अलीकडच्या आणि पलीकडच्या गल्लीतले लोक एकमेकांना नावाने ओळखू लागले आणि पोलिसाशी बोलायला मध्ये पुढारी लागेनासा झाला.

परीक्षा झाली ती ६ डिसेंबर १९९२ नंतर. बाबरी मशीद पडली आणि मुंबई डिसेंबरात एकदा, जानेवारीत दुसऱ्यांदा पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार तिथे ९०० जणांचा बळी गेला. हाकेच्या अंतरावरची, दंगलींसाठी बदनाम झालेली भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेले गुलाबराव पोळ यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या. अफवा उठली की तिची शहानिशा करायला प्रत्येक मोहल्ल्यात दोन्ही बाजूंची ओळखीची माणसे होती. पुढे खोपडे यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२च्या आपल्या ग्रंथात हाच प्रश्न देशपातळीवर तपासला. अलीगढ पेटते आणि कालिकत का पेटत नाही? हैदराबाद आणि लखनौ यांत फरक कुठे पडतो? त्यांचा निष्कर्ष असा की गावात रोजची ओळख, शेजार आणि सणावारी जाणे-येणे पुरते. मोठ्या शहरात ते पुरत नाही. तिथे दोन्ही समाजांना एकत्र बसवणाऱ्या व्यापारी संघटना, कामगार संघटना, व्यावसायिकांच्या संस्था लागतात. भिवंडीत त्या पुरेशा नव्हत्या. पोलिसांनी पुढाकार घेऊन ती उणीव भरून काढली.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर गिरवला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या प्रयत्नांतून मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी गल्लोगल्ली फिरली. तयार कपड्यांचा धंदा करणाऱ्या वकार खान यांनी वस्तीतल्या पोरांना चार धर्मांच्या धर्मगुरूंचे वेश घालून फोटो काढले आणि त्यांची पोस्टर केली. या दोघांच्या मैत्रीवर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३मध्ये 'नाता' हा माहितीपट केला.

पण समित्या म्हणजे कायमचा विमा नव्हे. जुलै २००६मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पोलीस आणि जमाव आमनेसामने आले. गोळीबारात दोघे दगावले आणि पाठोपाठ दोन पोलिसांची जमावाने हत्या केली. शिवाय सलोख्याच्या बैठका न्यायाची जागा घेऊ शकत नाहीत. दंगलखोरांवर खटले चालायलाच हवेत. ते चालत नसतील, तर चहापानाला बोलावलेल्या पीडिताने कशाच्या बळावर विश्वास ठेवायचा?

आज भेगा केवळ हिंदू-मुस्लिम उरलेल्या नाहीत. २०२४च्या लोकसभा निवडणुकीनंतर बीड जिल्ह्यात मराठा-ओबीसी ताण इतका वाढला, की दुसऱ्या जातीच्या दुकानातून माल न घेण्याच्या शपथांच्या बातम्या आल्या. ज्या गावात एकाच बांधाला दोघांची शेते, तिथली ही गत. दुसरीकडे २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा अनेक गावांतल्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचे आपणहून ठरवले. असा निर्णय आयत्या वेळी फतवा काढून होत नाही. आधीची बोलाचाली असेल तरच तो होतो.

तेव्हा गृहखात्याने एवढे करावे. शांतता समितीची बैठक सणांच्या यादीतून काढून दर महिन्याच्या कामात घालावी. ती पोलीस ठाण्याऐवजी वॉर्डात, गावात भरवावी. सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. पाणी, रस्ता, कचरा, पीकविमा हे विषय आधी घ्यावेत. ठाणेदाराची बदली झाली तरी समिती चालू राहील अशी लेखी व्यवस्था करावी. वाचकांनीही आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन एक चौकशी करावी: आपल्या भागाची समिती आहे का, आणि सण नसताना ती शेवटची कधी बसली होती?