कासवाचे पिल्लू वाढत का नाही?



या सदरात आजवर आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्ड, मुलांचा अभ्यास, पावसाळ्यातले आजार अशा विषयांवर लिहीत आलो. कासवावर लिहावे लागेल असे कधी वाटले नव्हते. पण विहारातल्या रविवारच्या वर्गाला सहावीतली एक मुलगी लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी घेऊन आली. बरणीत चार बोटे पाणी आणि त्यात दहा रुपयांच्या नाण्याहून जरासे मोठे हिरवे कासव. कानाजवळ तांबडा पट्टा. वंदना झाली, मुले पांगली, तशी ती आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, आठ महिने झाले. हे वाढतच नाही. माझं काही चुकतंय का?"

हे कासव घरी आले ते हौस म्हणून नव्हे. तिचे वडील कंत्राटावर कामाला होते, कंत्राट संपले. अशा दिवसांत कुणीतरी सांगितले की घरात उत्तर दिशेला जिवंत कासव ठेवा, पैसा टिकतो. त्यांनी उसनवारी करून मासे विकणाऱ्या दुकानातून ते आणले. आम्ही त्यांना बोल लावणार नाही. हाताला काम नसलेला माणूस कशालाही धरतो. पण १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची, त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. बरणीत कोंडलेला जीव आपल्याला नोकरी कशी देणार, हा प्रश्न ज्याने विकत घेतले त्यापेक्षा ज्याने विकले त्याला विचारायला हवा. त्या दुकानदाराने "हे एवढेच राहते, बरणीत चालते" असे सांगितले होते. ते साफ खोटे आहे.

हे कासव मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. इंग्रजीत त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. अंड्यातून बाहेर येते तेव्हा ते इंच-सव्वा इंच असते. पण मादी वाढून दहा-अकरा इंचांची होते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी, आणि नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते. चांगल्या सोयीत पहिल्या वर्षात ते साधारण पाच-सहा सेंटिमीटरच्या घरात जायला हवे. आम्ही मुलीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने पाठ मोजली. साडेतीन सेंटिमीटर. बोटाने हलकेच दाबून पाहिले तर कवच नखासारखे लवत होते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे कवच थोडे मऊ असते, त्यात वावगे नाही. आठ महिन्यांच्या पिल्लाचे तसे असणे म्हणजे आजार.

आता आमची चूकही सांगून टाकतो. आम्ही त्या दिवशी तिला म्हणालो, "खायला जास्त घाल, वाढेल." ती बिचारी घरातला सुका जवळा दुप्पट घालू लागली. पुढच्या रविवारी पाणी कुजलेले, कासवाचे डोळे सुजलेले. मग आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो आणि तिथल्या डॉक्टरांकडून नीट समजून घेतले.

कासवाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. भोवतालचे पाणी आणि ऊन जेवढे उबदार, तेवढेच त्याचे शरीर उबदार. पाणी गार असले की पोटातले अन्न पचत नाही. भूक मरते, अन्न पोटात तसेच राहते. म्हणून अंधाऱ्या मोरीशेजारी ठेवलेल्या कासवाला कितीही घातले तरी ते अंगी लागत नाही. या पिल्लाला पाणी २५ ते २८ अंश लागते. शिवाय अंग पूर्ण कोरडे करून शेकायला त्याहून गरम, तीस अंशांच्या पुढची जागा लागते. बरणीत कोरडी जागाच नव्हती. आठ महिने तो जीव पाण्यातच उभा.

दुसरे कारण ऊन. कवच म्हणजे हाडच. हाडाला कॅल्शियम लागते आणि कॅल्शियम अंगात मुरायला ड जीवनसत्त्व लागते. ते उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होते. हे किरण काचेतून आत येत नाहीत, म्हणून खिडकीच्या काचेआडचे ऊन फुकट. साधा बल्ब ऊब देतो, पण हे काम करत नाही. त्यासाठी यूव्हीबीचा वेगळा दिवा मिळतो, तो महाग असतो आणि काही महिन्यांनी बदलावा लागतो. आपल्या वस्तीत ऊन मात्र फुकट आहे. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान वीस-तीस मिनिटे, अर्धी सावली ठेवून, आणि कुणीतरी शेजारी बसून. शेजारी बसणे फार महत्त्वाचे, कारण कावळा आणि मांजर दोघेही टपलेले असतात. काचेचे भांडे मात्र चुकूनही उन्हात ठेवू नका, आतले पाणी तापून पिल्लू शिजते.

तिसरे कारण आपल्या स्वयंपाकघरातले. सुका जवळा, सुकट हे खारट असते, ते अजिबात देऊ नये. दुकानात डबीत मिळणारी वाळवलेली कोळंबी खारट नसली तरी तेवढ्यावर पिल्लू वाढत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडले की डोळे सुजतात, आणि डोळे मिटले की ते खातच नाही. रोजच्या जेवणाला कासवाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात. त्यावर आठवड्यातून दोन-तीनदा ताज्या मांदेलीचा बारीक काट्यासकट तुकडा, किंवा खत-औषध न मारलेल्या मातीतले बारीक गांडूळ, आणि किसलेले गाजर. पालक नको, त्यातले आम्ल कॅल्शियम अडवते. लहानपणी ही कासवे मांसाहारी असतात, मोठी होताना पाला जास्त खाऊ लागतात. पिल्लाला रोज एकदा, साधारण त्याच्या डोक्याएवढे, आणि उरलेले लगेच काढून टाकायचे. कॅल्शियमसाठी काष्टौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. त्याचा छोटा तुकडा पाण्यात तरंगत सोडला की पिल्लू आपणहून कुरतडते. फार लवकर फुगवण्याच्या मागेही लागू नका, भराभर वाढलेल्या कासवाचे कवच आणि यकृत दोन्ही बिघडतात.

भांड्याचे म्हणाल तर बरणी, बाऊल बाद. रुंद प्लॅस्टिकचा टब घेतला, त्यात वीट ठेवली आणि वर कौलाचा तुकडा तिरका टेकवला, की चढायला उतार आणि बसायला कोरडी जागा झाली. पाणी निदान त्याच्या पाठीच्या लांबीएवढे खोल असावे, म्हणजे उलटे पडले तरी सुलटे होता येते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. आपल्याकडे पाणी सकाळी भरून ठेवावेच लागते, तेच आदल्या दिवशीचे पाणी वापरावे. एक दिवसाआड बदलावे आणि ते मोरीत ओतावे, भांडी घासतो तिथे नाही.

हात साबणाने धुण्याबद्दल आम्ही हट्टी आहोत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात, त्याने लहान मुलांना हगवण आणि ताप येतो. मुले ही छोटी कासवे तोंडात घालत म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी केली. ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल किंवा गरोदर बाई आहे त्या घरात हे कासव नसलेले बरे.

आणखी एक सांगायचे राहिले. नदी-तळ्यातून धरून आणलेले देशी कासव किंवा पिवळ्या चांदण्यांचे स्टार कासव कुणी देऊ केले तर हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते पाळणे गुन्हा आहे. स्टार कासवांची चोरटी निर्यात एवढी वाढली की २०१९ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आपल्या पोरांना तुरुंग दाखवायला एवढे निमित्त पुरे होते. असे कासव सापडले तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आणि अमेरिकन कासव नकोसे झाले म्हणून तळ्यात सोडणे हेही पुण्य नाही. बुद्धपौर्णिमेला जीव सोडावा असे काहींना वाटते, भावना चांगली आहे. पण हे परदेशी कासव आपल्या देशी कासवांचे अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावते. संयुत्त निकायात कोल्ह्याला पाहून हातपाय कवचात ओढून घेणाऱ्या कासवाचा दृष्टान्त येतो. ते कासव आपल्या इकडच्या नदीकाठचे होते, ते नदीकाठीच राहावे.

मुलीच्या आईचे म्हणणे होते की नाल्यात सोडून या, घरात दहा जणांना जागा नाही. वडील गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कुठूनसा फुटक्या कडेचा टब आणला. आम्ही कारकून माणसे, आम्हाला वही हवीच. मुलीला तारीख, लांबी, वजन असे तीन रकाने आखून दिले. वजनाला किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. पहिल्या दिवशी ९ ग्रॅम. सुजलेल्या डोळ्यांना डॉक्टरांनी औषध दिले. दोन आठवडे वजन जागचे हलले नाही, तेव्हा ती रडली. तिसऱ्या आठवड्यात डोळे उघडले आणि त्याने गांडूळ खाल्ले. चार महिन्यांनी लांबी ४.६ सेंटिमीटर, वजन २० ग्रॅम, आणि कवच दाबून लवत नाही.

वडिलांना अजून पक्के काम नाही, नाक्यावर जातात. सकाळच्या उन्हात कासवापाशी तेच बसतात, कारण मुलीची शाळा त्याच वेळी असते. वर्षभरात हा टब पुरणार नाही आणि दहा बाय बाराच्या खोलीत त्याहून मोठा ठेवता येणार नाही. विहाराच्या गच्चीवर सिमेंटची जुनी टाकी पडून आहे, ती द्यावी असा विषय पुढच्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत. दोघा सभासदांचा विरोध आहे, पाणी कोण बदलणार म्हणून.