नुसते टंकलेखन नव्हे



दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी कचेऱ्यांतल्या सेक्रेटरी बायका ‘सांगितले तेवढे टाइप करत’, असे गेल्या अंकातील पत्रलेखक ठामपणे म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. जोन ब्राइट यांचेच पाहा. १९३९ साली त्या लंडनच्या युद्धखात्यात, गनिमी युद्धाचा विचार करणाऱ्या एका लहानशा गुप्त विभागात सेक्रेटरी म्हणून लागल्या. पुढे युद्ध मंत्रिमंडळाच्या कार्यालयात, जनरल इस्मे यांच्या हाताखाली, त्यांच्याकडे एक खास माहिती कक्ष आला. आघाडीवरून लंडनला येणारे सरसेनापती अतिगोपनीय कागद वाचायला त्यांच्याकडेच येत. (नंतर आपल्याकडे व्हाइसरॉय झालेले वेव्हेल यांच्याशी त्यांचा स्नेह जडला.) याल्टा, पॉट्सडॅमच्या परिषदांना ब्रिटिश शिष्टमंडळाची व्यवस्था पाहायला त्या गेल्या. मोठमोठ्या सेनाधिकाऱ्यांची सोय लावायची, कोणाचा मान दुखवायचा नाही आणि कानावर पडलेले पोटात ठेवायचे, याला जबाबदारी नाही तर काय म्हणायचे? १९७१ साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक आले. पत्रलेखकांनी ते वाचावे आणि मग पुन्हा लिहावे.

– एक निवृत्त लघुलेखिका, पुणे