परसातील तलाव

हैदराबादेस परसात मुलांकरिता पोहण्याचा तलाव बांधावयाचा म्हटले की, घसरगुंडी, कारंजे, रंगीत दिवे हेच प्रथम सुचते. ते गैर नव्हे. मुलांचे हसणे ही घराची शोभाच होय. तथापि नकाशावर पहिली रेघ कुंपणाची ओढावी, असे आम्हांस वाटते. ते चहूंबाजूंनी, निदान ४ फूट उंच असावे व त्याचे फाटक आपोआप मिटणारे असावे. बुडणारे मूल बहुधा हाक मारीत नाही; ते निःशब्द खाली जाते. तळाच्या निचऱ्यावर भक्कम जाळी हवी, कारण तेथील ओढीत केस अडकतात.

पाण्याचाही हिशेब करावा. २० फूट लांब, १० फूट रुंद व ४ फूट खोल तलावास सुमारे २२,६०० लिटर पाणी लागते. याच शहरात बन्सीलालपेठेची कचऱ्याने बुजलेली पुरातन बारव उपसून २०२२ साली पुन्हा खुली करण्यात आली. तेथे पाणी उधळणे शोभत नाही. तेच गाळून, क्लोरीन घालून पुनःपुन्हा वापरावे.

आणि मुले पाण्यात असेतो एका वडीलधाऱ्याने काठावर बसावे, रिकाम्या हातांनी. त्याची जागा कोणतेही कुंपण घेऊ शकत नाही.