अख्ख्या पक्ष्याचा अट्टहास

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेतील घराघरांत टर्कीचा जो घाट घातला जातो, त्याविषयी आपल्या मंडळींत दोनच मते आढळतात. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील घरांतून तिकडे स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांकडे चार-सहा महिने राहून आलेले ज्येष्ठ एक तर नाक मुरडतात, नाही तर डोळे विस्फारून सांगतात, ‘अहो, २४ पौंडांचा पक्षी! आणि अख्खा!’ माझा आक्षेप या उद्गारातील शेवटच्या शब्दाला आहे. मांसाहाराला नाही, त्या सणाला तर मुळीच नाही. थोरला पक्षी अख्खाच भाजण्याचा हट्ट म्हणजे पाकशास्त्राचा, पाहुण्यांचा आणि रांधणाऱ्या माणसाचा अवमान होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

२४ पौंड म्हणजे जवळपास ११ किलो. गोठलेला पक्षी शीतकपाटात सुटायला दर ४-५ पौंडांस एक दिवस लागतो. म्हणजे गुरुवारच्या जेवणासाठी तो आदल्या शुक्रवारीच आत जायला हवा. पुढे ३२५ अंश फॅरनहाइटवर साडेचार ते पाच तास भाजणे. पण खरी अडचण वेळेची नाही. पक्ष्याचा प्रत्येक भाग आतून १६५ अंशांपर्यंत तापला पाहिजे, असे अमेरिकेचे कृषी खाते सांगते. छातीचे पांढरे मांस या अंशाला पोहोचताच उतरवले नाही तर कोरडे पडू लागते. उलट मांडीतील चिवट तंतू १७५-१८० अंशांखाली नीट मऊ पडत नाहीत. लहान पक्ष्यात हा फरक निभावून जातो. थोरल्यात मात्र खालचा सांधा शिजण्याची वाट पाहत वरची छाती तासन्‌तास सुकत राहते. त्यात पोटात सारण भरलेले असले तर विचारायलाच नको. ते मध्यभागी बसते, कच्च्या रसाने भिजते आणि सर्वांत उशिरा तापते. त्याची वाट पाहावी तर छातीचा भुसा होतो. न पाहावी तर पाहुण्यांच्या पोटाशी खेळ. दर अर्ध्या तासाने ओव्हनचे दार उघडून वरून रस सोडणारे उत्साही लोक केवळ कातडी ओली करतात आणि आतली ऊब बाहेर घालवतात.

आपल्याकडे कुकरात वरण, भात, बटाटे एकत्र लावतानासुद्धा डाळीचा डबा तळाशी का, हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला ठाऊक असते. जे डब्याला कळते ते ११ किलोंच्या पक्ष्याला का लागू नसावे?

‘परंपरा आहे,’ असे उत्तर मिळते. परंपरेचेच पाहू. १६२१ च्या प्लिमथ येथील मेजवानीचे वर्णन एडवर्ड विन्स्लो याच्या पत्रात आहे. त्यात पक्ष्यांची शिकार आहे, वाम्पनोआग लोकांनी आणलेली पाच हरणे आहेत. टर्कीचे नाव नाही. सणाची राष्ट्रीय घोषणा लिंकन यांनी १८६३ साली केली आणि चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ साली. अख्ख्या पक्ष्याचे ताट मनामनांत ठसवले ते नॉर्मन रॉकवेल यांच्या १९४३ च्या चित्राने, तेही महायुद्धाच्या काळात. त्या चित्रात ताट ठेवणारी एप्रनमधली वृद्धा अजून जेवायला बसलेली नाही, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. आणि आज दुकानांत मिळणारा रुंद छातीचा पांढरा पक्षी हे तर विसाव्या शतकातील पैदाशीचे फळ. छाती इतकी वाढवली की त्याला नैसर्गिक समागमही जमत नाही. कृत्रिम रेतन करावे लागते. ही का पूर्वजांची ठेव?

जाता जाता सांगतो. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून हा पक्षी जहांगीर बादशहाकडे नेला, तेव्हा बादशहाने उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. पोर्तुगिजांत त्याला ‘पेरू’ म्हणतात, हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नको. आम्ही माळव्याकडची मंडळी मात्र पेरू म्हटले की तिखटमीठ शोधू लागतो.

उपाय अवघड नाही. बुधवारी पक्षी कापावा, भागांना मीठ चोळून ठेवावे, पाठीचा कणा व मान उकळून रस्सा काढावा. गुरुवारी तंगड्या आधी आत, छाती मागून. सारण वेगळ्या भांड्यात. प्रत्येक भाग आपापल्या वेळी उतरतो आणि सगळे काम कितीतरी लवकर आटोपते. ज्यूलिया चाइल्ड यांच्यासारख्या मातबर पाककर्तीनेही टर्कीचे भाग सुटे करून भाजण्याची रीत दाखवली आहे. कापवत नसेल त्यांनी १२ पौंडांचे दोन पक्षी घ्यावेत.

‘मग मेजाची शोभा ती काय राहिली?’ शोभेला माझा विरोध नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास महालाचे नाव ऐकलेल्याने तो करूही नये. तिथल्या भोजनाच्या मेजावर चांदीची छोटी आगगाडी मद्य आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरत असे. परंतु त्या गाडीने एकही पदार्थ बिघडवला नाही. शोभेसाठी अन्नाची चव गेली आणि रांधणारी व्यक्ती पहाटे पाचपासून दुपारपर्यंत ओव्हनला जखडली, असे तिथे घडत नव्हते. आपल्या घरांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या शेवटच्या पंगतीला, निवलेल्या भातावर बसल्या. सातासमुद्रापलीकडे त्यांच्या नातींनी, आणि आता नातवांनीही, तेच नव्या पक्ष्याच्या निमित्ताने पुन्हा का करावे?

येत्या नोव्हेंबरात जे ज्येष्ठ तिकडे असतील, त्यांनी ‘अख्खा का नाही केला?’ असे विचारू नये. बुधवारी सुरी हाती घेऊन मुलाच्या वा सुनेच्या शेजारी उभे राहावे. नातवंडांना अख्ख्या पक्ष्याचा फोटो हवाच असेल, तर तो कापण्यापूर्वी, कच्चा असतानाच काढून घ्यावा.