जाड भिंतीच्या घराला तारच हवी

कोकणातल्या जुन्या घरात राउटर बहुधा ओटीवर असतो, कारण फायबर तिथूनच आत येते. ओटीवर नेट वेगाने चालते, माजघरात रखडते आणि मागच्या पडवीत रेंजच नसते. मग मोठा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळतो. तो निरुपयोगी आहे. प्लॅनचा वेग राउटरपर्यंत पोहोचतो. पुढे वाय-फायच्या लहरींना जांभ्याची दीड फुटी भिंत ओलांडायची असते. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरतो आणि पाणी या लहरी शोषते. 5 गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर डेटा वेगाने जातो खरा, पण अशा भिंतीत त्या 2.4 गिगाहर्ट्‌झपेक्षा लवकर क्षीण होतात.

सहा अँटेनांचा राउटरही हा प्रश्न सोडवत नाही. प्रक्षेपणशक्तीला कायद्याची मर्यादा असते. शिवाय मोबाइललाही उलट उत्तर धाडावे लागते आणि त्याची शक्ती राउटरहून कमी असते.

रिपीटरचा उपाय त्याहून फसवा, कारण तो लावल्यावर मोबाइलवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात. साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. त्यात तो बहुधा रेंज नसलेल्या खोलीतच लावला जातो. जे त्यालाच धड मिळत नाही ते तो पुढे काय देणार?

घर पाडून स्लॅबचे बांधावे, हे म्हणणे तर साफ अन्यायाचे आहे. सळईचे काँक्रीटही लहरी अडवते. उलट जुन्या माळ्याच्या लाकडी फळ्या त्यांना फारशा अडवत नाहीत.

म्हणून आधी राउटर लोखंडी कपाटाजवळून हलवून उंच, शक्यतो घराच्या मध्याकडे न्यावा. तेवढ्याने भागले नाही, तर लॅन केबल ओढून जाड भिंतीपलीकडे दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवावा. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच द्यावा, 2.4 गिगाहर्ट्‌झवर मात्र 1, 6, 11 यांपैकी वेगवेगळे चॅनेल निवडावेत.

तारेने घराची शोभा जाते, भिंत फोडावी लागते, हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण पुष्कळ कौलारू घरांत भिंत आणि छप्पर यांमध्ये फट असते. माळ्यावरून, तुळईच्या कडेने केबल नेली तर एकही भोक पाडावे लागत नाही. चांगली कॅट-6 केबल 100 मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग टिकवते. ओटीपासून परसदारापर्यंत एवढी लांबी पुरून उरते.