कुत्रीचे ऑपरेशन आणि घरपट्टी



बेशाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे वावराच्या राखणीला एक कुत्री आहे. वर्षातून दोनदा विते. मागल्या खेपेस सहा पिल्ले झाली. दोन मेली, एक शेजाऱ्याने नेले, उरलेली तीन घरधन्याने पोत्यात घालून लेआउटकडे सोडून दिली. धाकटा मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. "ऑपरेशन करा म्हटले तर घरचे म्हणतात, कुत्रीवर कोण पैसा घालतो? सरकार करात काही सूट देते का?" असे त्या विचारतात.

ताई, प्रश्न नेमका आहे, पण उत्तर कडू आहे. घरच्या कुत्रीच्या ऑपरेशनसाठी प्राप्तिकरात सूट नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला देणगी दिली, तर जुन्या करपद्धतीत वजावट मिळते. म्हणजे दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी पैसे दिले तर सवलत, आपल्या कुत्रीसाठी दिले तर नाही! आणि समजा, मिळाली असती तरी कास्तकाराला तिचा काय उपयोग? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नाही. जो कर भरत नाही, त्याला सूट कशात द्यायची?

कायदा मात्र जबाबदारी टाकून मोकळा झाला आहे. केंद्र सरकारने 2023 साली प्राणी जन्म नियंत्रण नियम काढले. त्याआधी 2001 चे होते. नव्या नियमांत पाळीव जनावराचे जंताचे औषध, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे. मोकाट कुत्र्यांचे काम स्थानिक संस्थेने करायचे. पण पोत्यातून सोडलेले पिल्लू सहा महिन्यांनी मोकाट कुत्रे होते आणि वर्षाच्या आत स्वतःच विते, हे साधे गणित आहे. घरच्या एका कुत्रीवर वाचवलेला पैसा पुढे गावाला कितीतरी पटींनी भरावा लागतो.

अमेरिकेत बऱ्याच शहरांत कुत्रे पाळायला परवाना लागतो. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याची फी कमी आणि न झालेल्याची जास्त असते. आमच्या मते आपल्याकडे सवलत द्यायची तर ती घरपट्टीत द्यावी. घरपट्टी कास्तकारही भरतो, मजूरही भरतो. पशुवैद्यकाचा दाखला दाखवा, त्या वर्षी काही रुपये कमी भरा. बेसा आता नगर पंचायतीत आले आहे. ताईंनी तेथे अर्ज द्यावा. खेड्यातल्या वाचकांनी ग्रामसभेत विषय काढावा. लोक हसतील, हसू द्या.

आता घरच्यांच्या शंकेचे. ऑपरेशन केल्यावर कुत्री आळशी होते, राखण करीत नाही, असे म्हणतात. अहो, पोळ्याला ज्याच्या पाठीवर झूल चढवता, तो बैल खच्ची केलेलाच ना? तो नांगर ओढायचा थांबला का? कुत्री राखण करते ती आपल्या जागेसाठी आणि माणसांसाठी. उलट माजावर आली की गावभरची कुत्री दाराशी जमतात, भांडतात, चावतात. दोन महिने गाभण आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लांत अडकते. त्या काळात रानडुकरे वावरात घुसली तर कोणाला हाक मारणार? शिवाय गर्भाशय काढल्याने त्यात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो.

चावण्यावरून आठवले. कुत्रे चावले की तिखट, चुना लावण्याची खोड अजून गेलेली नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. जखम खोल असेल तर लसीबरोबर सीरमही लागते. पिसाळीची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. घरच्या कुत्रीला तीन महिन्यांची झाल्यावर आणि मग दर वर्षी लस टोचावी.

ताई, पहिली पिल्ले दुधावरून सुटली असतील आणि कुत्री माजावर नसेल, तेव्हा तिला न्या. नागपूरला 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील दवाखान्यात किंवा जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात आधी विचारून दिवस ठरवा. आदल्या रात्रीपासून खायला किती वेळ द्यायचे नाही, ते डॉक्टर सांगतील तसे पाळा. घरी आणल्यावर दहा-बारा दिवस टाक्यांना चिखल लागू देऊ नका, चाटू देऊ नका. गोठ्यात कोरड्या जागी बांधा आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम धाकट्याकडे द्या.