गृहखात्याच्या छताखालील सरकारी वकील

गुन्ह्याचा तपास करणे हे पोलिसांचे काम आणि त्या तपासातून खटला उभा राहतो की नाही हे पारखून तो न्यायालयापुढे चालविणे हे सरकारी वकिलाचे. या दोन कामांची फारकत करावी, असे विधी आयोगाने १९५८ सालच्या चौदाव्या अहवालात सुचविले होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते तत्त्व स्वीकारले. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या राज्यात मात्र सहायक सरकारी अभियोक्ते पोलिस खात्याचेच घटक राहिले. त्यांचा स्वतंत्र विभाग स्थापावा आणि त्याचा प्रमुख थेट शासनाला जबाबदार असावा, हे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

पुढे २००५ च्या दुरुस्तीने अभियोग संचालनालयाची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती जिल्ह्यापर्यंत नेली. पण संचालनालयाचे प्रशासकीय नियंत्रण कोणाकडे? गृहखात्याकडे, म्हणजे पोलिस ज्याच्या हाताखाली आहेत त्याच खात्याकडे! कोठडीतील मृत्यूबद्दल पोलिसांवरच खटला चालतो तेव्हा या व्यवस्थेतील दोष उघडा पडतो. आरोपी आणि अभियोक्ता या दोघांचेही वरिष्ठ खाते तेव्हा एकच असते.

सत्र न्यायालयातील सरकारी वकिलांची स्थिती याहून नाजूक आहे. जेथे त्यांचा नियमित संवर्ग नाही तेथे सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून जिल्हादंडाधिकारी नावांची यादी करतो आणि शासन त्यांतून निवड करते. १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने सर्व जिल्ह्यांतील सरकारी वकिलांच्या नेमणुका एकदम संपुष्टात आणल्या. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरविले हे खरे. परंतु ज्याची पुढील नेमणूक शासनाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने खटला मागे घेण्याची सूचना धुडकावावी ही अपेक्षा कितपत व्यवहार्य आहे? खटला मागे घेण्यास न्यायालयाची संमती लागते, आणि नव्या संहितेने पीडिताचे म्हणणे ऐकणेही बंधनकारक केले आहे. तरीही पहिला अर्ज सरकारी वकिलाच्याच सहीने जातो.

इंग्लंडमध्येही पूर्वी बहुतेक खटले पोलिसच चालवीत. १९८५ च्या कायद्याने तेथे स्वतंत्र अभियोग सेवा निर्माण झाली आणि तिच्यावरील देखरेख गृहमंत्र्यांकडे न देता महान्यायवादीकडे सोपविण्यात आली. आपल्याकडेही संचालनालय विधी व न्याय विभागाकडे वर्ग करून सरकारी वकिलाला ठरावीक मुदतीची शाश्वती देता येईल. पहिल्या बदलासाठी संसदेला नव्या संहितेच्या विसाव्या कलमात दुरुस्ती करावी लागेल.